शेऱ्याच्या रकान्यात न मावलेलं

आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये सगळ्यात शेवटी एक रकाना असायचा, 'शेरा'. बोटाच्या पेराएवढा. त्यात 'सहकार्य केले' किंवा 'घरी आढळले नाहीत' एवढंच मावायचं. फॉर्म मुंबईला जायचे, आणि न मावलेलं सगळं आमच्या जीपमध्ये साठायचं. इतकं साठलं, की आता सांगायला बसले की कुठनं सुरू करू असं होतं!

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी कोल्हापुरात सरकारी मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून लागले. कामं दोन. एक, गावोगाव जाऊन लोकांच्या मनाची विचारपूस करायची आणि फॉर्म भरायचे. दुसरं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर-नर्सना ट्रेनिंग द्यायचं. माणसं तीन. सबनीस सर मानसोपचारतज्ज्ञ, जन्म पुण्याचा, बोलणं छापलेल्या पुस्तकासारखं. दुसरी मी, कोल्हापूरचीच. तिसरे ड्रायव्हर बाबूराव, कागलकडचे. कागदोपत्री ते जीप चालवायचे. प्रत्यक्षात सरांच्या मराठीचं मराठीत भाषांतर करायचे!

* * *

प्रश्नावली मूळची इंग्रजी. ती मराठीत करायचं काम एका निवृत्त हायस्कूल मास्तरांकडं दिलेलं. त्यात एक प्रश्न होता, तुम्हाला 'कीड अप' (keyed up) वाटतं का, म्हणजे आतून सारखा ताण. मास्तरांनी डिक्शनरी उघडली, 'की' म्हणजे किल्ली, आणि लिहिलं, "किल्ली दिल्यासारखे वाटते काय?"

सर भडकले. "माणूस आहे की गजराचं घड्याळ?" त्यांनी लगेच दुरुस्ती केली, "आपणांस तणावजन्य अस्वस्थतेची अनुभूती येते काय?" पण तोवर फॉर्म सायक्लोस्टाईल होऊन गठ्ठे बांधून आलेले. पहिला दौरा त्याच फॉर्मवर करायचा ठरला.

पहिलंच घर. मावशी म्हशीखाली धार काढत बसलेल्या. सरांनी विचारलं, "जीवनात रस वाटेनासा झाला आहे का?"

"रस? बंद केलाय की. साखर हाय मला."

बाबूराव मागनं म्हणाले, "उसाचा न्हवं, मावशी. कशात मन लागतंय का इचारत्यात."

"मन लावाय येळ कुठाय? म्हस कोण बघणार, तुमी?"

मी घाईघाईनं पुढचा प्रश्न वाचला. किल्लीचा. मावशींचे हात थांबले. म्हणाल्या, "व्हय ओ ताई. सकाळी कोण किल्ली देऊन जातंय जणू. बसावं म्हटलं तरी हातपाय थांबत न्हाईत. आडवं झालं तरी डोसक्यात आपली कटकट कटकट सुरूच."

त्या आठवड्यात ज्याला ज्याला तो प्रश्न विचारला, त्यानं त्यानं एका दमात उत्तर दिलं. "म्हंजे काय?" असं एकानंही विचारलं नाही. परतताना सरांनी जीपमध्येच भरलेले फॉर्म चाळले. मग म्हणाले, "माझं ते अनुभूतीचं वाक्य काढून टाका. किल्ली राहू द्या."

* * *

म्हाताऱ्या माणसांना स्थळ-काळाचं भान आहे का, हे बघायचे काही प्रश्न असतात. साधेच. पण विचारताना चेहरा गंभीर ठेवायचा, हसायचं नाही, मदत करायची नाही. सर तर या बाबतीत फारच कडक.

गडहिंग्लजच्या पुढं एका वाडीत एक आजोबा कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. सर समोर बसले. अगदी शांतपणे विचारलं, "आजोबा, आपण आत्ता कुठे आहोत, सांगाल का?"

आजोबांनी सरांकडं नीट बघितलं. "चुकलासा जणू वाट?"

"नाही, नाही. आज वार कोणता आहे?"

"गुरुवार की."

"महिना कोणता चालू आहे?"

आजोबांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "माघ. तुमी कुठनं निघालासा? कवा?"

सरांनी उत्तर दिलं नाही. नियम म्हणजे नियम! "आणि सध्या मुख्यमंत्री कोण आहेत?"

"ते पेपर आल्याबिगार कसं सांगू? पेपर दुपारच्या यष्टीनं येतोय."

मग आजोबा उठले, आतनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आले. सरांच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाले, "घ्या अण्णा. घाबरू नगासा." सरांनी पाणी पिऊन फॉर्म पूर्ण केला. आम्ही निघालो, तर आजोबांनी बाबूरावांना हळूच बाजूला घेतलं.

"पावणं, आदी सायबास्नी घरी न्हेऊन सोडा. माणूस शिकल्याला दिसतोय, पर कुठं हाय, वार कुठला, राज्य कुणाचं, काय बी ठावं न्हाय!"

* * *

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. आमचा समाज बौद्ध, घरात शिक्षणाचं फार कौतुक. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी एम.एस.डब्ल्यू.ची डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावलेली. पाहुणे आले की आई सांगायची, "पोरगी सरकारी नोकरीत हाय." कुठं, ते सांगायची नाही.

एक स्थळ आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. सगळं छान चाललेलं, तोवर मुलाच्या आईनं विचारलं, "हापिस कुठलं म्हणायचं?"

आई चहाचे कप पुढं करायला लागली. मी सांगून टाकलं, "मनोविकार विभाग."

मुलाच्या आईनं खुर्ची थोडी मागं घेतली. जशी काय मी आत्ता चावणार! चहा अर्धा टाकून मंडळी उठली. दोन दिवसांनी नकार आला. आई रडली, म्हणाली, "तुला सांगतेवेळी दवाखान्यात म्हणायला काय झालतं?" मलाही वाईट वाटलं, का नाही वाटणार? मुलगा बरा होता.

सोमवारी सरांची ओपीडी असायची. मी गेले, तर बाकावर पहिल्या नंबरला मुलाचे मामा!

मला बघून जागेवरनंच म्हणाले, "पोरी, दोन वर्षं झाली, धड झोप न्हाय मला. कुणाला इचारू कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं."

मी केसपेपर काढायला घेतला. तर म्हणतात कसे, "नकार त्यांनी दिलाय. मी न्हाय!"

* * *

हा किस्सा अगदी छोटा आहे. कुरुंदवाडला एका आजीची स्मरणशक्ती तपासत होते. तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी परत विचारायचे. मी सांगितलं, आंबा, खुर्ची, छत्री. पाच मिनिटांनी आजींना एकही आठवेना. नातवंडं फिदीफिदी हसली. आजींचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, "असू दे आजी, काही बिघडत नाही." पण त्यांना ते लागलं होतं.

त्यानंतर आठेक महिन्यांनी मी कुरुंदवाडच्या स्टँडवर उभी होते. एक एसटी बाहेर पडत होती. खिडकीतनं अर्धं अंग बाहेर काढून कोण तरी ओरडलं, "ओ ताईऽऽ! आंबा, खुर्ची, छत्री!"

सगळा स्टँड माझ्याकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "मार्क देऊ का?"

"वेळ किती लागला?"

"आठ महिने."

सरांनी चष्मा पुसला. "द्या. तिन्ही द्या."

* * *

ट्रेनिंगमध्ये सरांची आवडती गोष्ट म्हणजे रोल प्ले. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट, बाकीच्यांनी बघायचं. नर्स मंडळींना भारी मजा यायची. कुणी अंगात आणायचं, कुणी डोळे फिरवायचे. सर वैतागायचे, "अहो, नैराश्याचा पेशंट असा नाचत नाही!"

एका बॅचला शोभाताई नावाच्या आरोग्यसेविका होत्या. चाळिशीच्या, हसतमुख, डब्यातली चटणी सगळ्यांना वाटणाऱ्या. पेशंट व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याच पुढं आल्या. डॉक्टर मी.

"काय होतंय?"

"काय होत न्हाय. तेच होतंय." शोभाताई खाली बघत बोलायला लागल्या. "पहाटे तीनला जाग येत्या. मग झोप न्हाय. स्वयंपाक करतो, पण मीठ घातलं का न्हाय कळत न्हाय. लोकांच्या पोरांस्नी डोस पाजतो, माझ्या पोराचं डोकं दुखलं तर जवळ जावंसं वाटत न्हाय. दिवसभर हसतो. हसून हसून गाल दुखत्यात."

मी विचारलं, "किती दिवस?"

"पावसाळ्यापासनं."

दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. सरांनीच टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. सर म्हणाले, "उत्कृष्ट! याला म्हणतात निरीक्षण. बसा आता जागेवर."

शोभाताई उठल्या नाहीत.

"सर, बसतो. पण आदी चिठ्ठी लिवून द्या की."

सर खुर्ची ओढून समोर बसले आणि बाकीच्यांना म्हणाले, "चहाची सुट्टी. सगळ्यांनी बाहेर." त्यांचं छापील बोलणं त्या दिवशी कुठं गेलं कुणास ठाऊक. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा हातात औषधांच्या चिठ्ठीचं पॅड होतं आणि वरचा कागद फाडलेला होता.

चार-पाच महिन्यांनी शोभाताई भेटल्या. डब्यातली चटणी पुढं केली. "खाऊन बघा ताई. मीठ बरोबर हाय का?"

बरोबर होतं!

* * *

मोबाईल नुकते आले होते त्या सुमारास सरांनी ट्रेनिंगला एक नवा लेक्चरर आणला. दिलीप. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारा. कधीकाळी आमचाच पेशंट. जवळ कोण नसताना त्याच्या कानात माणसं बोलायची, घाण घाण शिव्या द्यायची. दोन वर्षं घरातल्या माळ्यावर बसून होता. भावानं जीपमध्ये घालून आणला तेव्हा सरांच्या अंगावर धावून गेलेला. औषधं लागू पडली, नोकरी परत मिळाली, लग्नही झालं.

सरांचं म्हणणं, "हा आजार माझ्यापेक्षा यांना जास्त ठाऊक आहे. मग यांनीच शिकवावं."

पहिल्या दिवशी समोर तालुक्याचे पंचवीस-तीस डॉक्टर. सकाळची सत्रं सरांची झाली. जेवणं झाली. दुपारी दिलीप पहिली पाळी करून तडक आला, शर्टाच्या बाहीला अजून काळी वाळू. व्यासपीठावर उभं राहायला तयार होईना. मी म्हटलं, "बसून बोला." खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि वीस मिनिटं असं बोलला, की जेवणानंतरची पेंग कुणाला आलीच नाही.

मग प्रश्न. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "आवाज पूर्ण थांबले का?"

"न्हाई. कमी झाल्यात. आता शिव्या देत न्हाईत. आपलं कवातरी बोलत्यात."

"मग तुम्ही काय करता?"

"कामात असलो तर म्हणतो, थांबा जरा, भट्टी तापलीया. थांबत्यात की."

सगळे हसले. दिलीपही हसला. त्या डॉक्टरला धीर आला. "आत्ता येतोय का आवाज?"

सर पुढं सरसावले. हा प्रश्न असा चारचौघांत विचारायचा नसतो. पण दिलीपनं हात वर करून त्यांना थांबवलं. मान जराशी वाकडी केली. ऐकलं.

"येतोय की."

"काय म्हणतोय?"

दिलीप लाजला. सरांकडं बघून म्हणाला, "सांगू?"

"सांगा," सर म्हणाले.

"म्हणतोय, मागल्या बाकावरच्या दोघांनी सकाळपासनं एक अक्षर लिवल्यालं न्हाय."

आम्ही सगळे एकदम मागं वळलो. एकाची वही कोरी होती. दुसऱ्याच्या वहीत फुलीगोळ्याचा डाव निम्मा झालेला होता.