फवारणीच्या पंपावर चाललेलं इंटरनेट

बाळापूरला आमच्या घरी कोणतं इंटरनेट घ्यायचं यावर तीन पुरुष बोलत होते आणि वापरणार होते मी एकटी. धाकटा दीर म्हणे केबलवाल्याचं घ्या, लय जोरात पळते. नवरा म्हणे डोंगल आणू, कुठंही नेता येतं. सासरे म्हणत, "बाईमाणसाले नेट कायले पायजे?"

मला पाहिजे होतं. घरबसल्या भाषांतराचं काम मिळणार होतं आणि त्याची दोन तासांची परीक्षा नेटवरच द्यायची होती. मधे जोडणी तुटली की ती खेप बाद, आणि खेपा मिळणार तीनच. पहिल्या खेपेला मी दिराचं ऐकलं. केबलचं नेट पळायचं खरं, पण त्याची तार दहा गल्ल्या फिरून यायची. मधल्या एका गल्लीत भारनियमन असलं की आमचंही बंद! विसाव्या मिनिटाला गेलं. दुसऱ्या खेपेला आणलेल्या डोंगलचं तर विचारूच नका. रेंज फक्त गच्चीवर, टाकीजवळ. मे महिन्यात आमच्या गच्चीवर दोन तास बसून दाखवा, मग बोला.

आता शेवटची संधी उरली होती, पोळ्यानंतरची. मी कुणाला न विचारता, माझ्याच नावानं अर्ज भरून टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड घेतलं. दीर खो खो हसला. "वयनी, लोकं घरचे फोन काढून राहिले अन् तुमी लावून राहिल्या?" हसू दे मेला. वेग कमी होता, कबूल. पण टेलिफोन केंद्राला स्वतःच्या बॅटऱ्या असतात, गावाची लाईट गेली तरी फोनची तार जिवंत राहते. प्रश्न उरला घरातल्या मोडेमचा. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, बारा व्होल्ट. पडवीत सासऱ्यांचा फवारणीचा बॅटरीपंप होता, त्याच्यावरही बारा व्होल्ट. आदल्या दिवशी मी तारा जोडून पाहिल्या. मोडेमचे दिवे लागले!

परीक्षेच्या सकाळी सासरे पंप शोधत आत आले. त्या वर्षांत कपाशीनं सगळ्यांचाच जीव खाल्ला होता, तेव्हाही अळी पडली होती. पंपाला लावलेल्या तारा पाहून ते कडाडले, "पागल झाली काय? मले फवारा लागते!"

"मामाजी, जुना हातपंप हाय, तो न्या. कपाशी दुपारून बी फवारता येते. माही परीक्षा दुपारून येत नाई."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले होते. दार लावून घेतलं आणि बसले.

अर्ध्या तासानं लाईट गेली. पंखा थांबला, गल्लीतले टीव्ही गप्प झाले. मोडेमचे हिरवे दिवे मात्र जागचे हलले नाहीत. घाम पुसत मी रात्रीच चार्ज करून ठेवलेल्या लॅपटॉपवर शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलं.

संध्याकाळी सासरे हातपंप मारून मारून खांदा चोळत परतले. एवढंच विचारलं, "किती वेळ चालली बॅटरी?"

काम मिळालं. अजून करते आहे. पुढं काही वर्षांनी फायबरवाला दारात आला आणि सासऱ्यांना म्हणाला, "काकाजी, तुमच्या नावानं लिवू?" त्यांनी पेपरातून मान न काढता माझ्याकडे बोट केलं. "तिले इचार. नेट तिचं हाय."

मी विचारलं, "लाईट गेल्यावर चालन काय?"

तो चाचरला. "मोडेमले लाईट तर लागनच ना, ताई."

सासरे उठले, पडवीतला पंप उचलून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. "याच्यावर लावून दाखव. मंग बोल."