नागपूरच्या चालीत वंदना

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, "पासपोर्ट घेतला ना वं?" लकडगंजच्या आरा मशीनवर लाकूड कापण्यात त्यांची तीस वर्षं गेली. परदेशात इंजिनीअर लोक जातात, एवढं त्यांना माहीत. आपली मुलगी पाली शिकायला वर्षभर श्रीलंकेला चालली, हे त्यांना अजून पटत नव्हतं. आई मात्र ठाम होती. "जिथं ही भाषा सांभाळून ठेवली लोकायनं, तिथंच जाऊन शिक," ती म्हणाली आणि पदराला डोळे पुसू लागली. "आता काहून रडून राहिली?" बाबा तिच्यावर खेकसले. रुमाल त्यांच्याही हातात होता.

चेन्नईला विमान बदलून कोलंबो, तिथून आगगाडीनं कँडी. गाडी डोंगर चढायला लागली आणि खिडकीतून हिरवा रंग अंगावर आला. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या डोळ्यांना तो एकदम झेपेना. समोरच्या बाईंनी केळीच्या पानातली पुडी सोडून माझ्यापुढे धरली. "बत," त्या म्हणाल्या. मी आत पाहिलं आणि म्हणाले, "भात!" दोघीही मोठ्यानं हसलो.

माझी राहायची सोय कुसुमा अम्मांकडे होती. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या, आणि इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. पहिल्याच सकाळी त्यांनी परडी हातात देऊन बागेतून 'मल' आणायला सांगितलं. मी तशीच खिळून उभी! शेवटी त्यांनी हाताला धरून चाफ्याखाली नेलं, तेव्हा कळलं की सिंहलीत मल म्हणजे फूल. मी आपल्याकडचा अर्थ खुणांनी सांगितला, तर अम्मा हसता हसता पायरीवरच बसल्या.

दुपारी पोलोस (कोवळ्या फणसाची भाजी) आणि पोल संबोल (ओल्या खोबऱ्याची लाल चटणी) होतं. वऱ्हाडी जिभेचा माझा गर्व दुसऱ्या घासाला उतरला. नाक पुसत मी आणखी वाढून घेतलं.

वर्गात मात्र पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. बाईंनी वंदना म्हणायला सांगितली. हे तर मला तोंडपाठ, म्हणून मी आईच्या चालीत खणखणीत सुरू केली, "बुद्धम् शरणम्..." मागून खुसखुस ऐकू आली. तिथं पालीत 'सरणं' म्हणतात आणि अनुस्वार नाकात घोळवतात. "सगळं संस्कृतसारखं होतंय," बाई म्हणाल्या. तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा होती. त्यात नापास झालं तर खालच्या वर्गात जायचं, म्हणजे आणखी एक वर्ष. माझी शिष्यवृत्ती तर एकाच वर्षाची. त्या दिवसापासून मी वर्गात तोंडच उघडेना.

अम्मांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एके दिवशी स्वयंपाकघरात नारळ खवताना त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात बुद्ध कधीपासून?"

"आजोबांपासून. त्यांनी नागपुरातच दीक्षा घेतली."

"आमच्या घरात कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला आयतं मिळालं. तुझ्या आजोबांनी निवडलं. मग लाजतेस कसली?"

मी दुसरा नारळ खवायला घेतला.

वैशाखी पौर्णिमेला, तिकडच्या वेसकला, घरोघर कागदी कंदील लागले. आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून गावातल्या विहारात गेलो. पांढऱ्या कपड्यांची ती गर्दी पाहून मला आपल्याकडची दीक्षाभूमीवरची गर्दीच आठवली. अम्मांनी आधीच बोलून ठेवलं होतं. वृद्ध हामुदुरुवोंनी (भन्तेजींनी) मला पुढे बोलावलं. "तुमच्याकडे वंदना कशी म्हणतात?"

मी डोळे मिटले, आमच्या वस्तीतला विहार समोर आणला आणि आईच्याच चालीत सुरुवात केली. पहिली ओळ एकटीच म्हटली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बायका आल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं अंगण माझ्या मागून म्हणत होतं, उच्चार त्यांचे आणि चाल नागपूरची! शेवटी सगळे एका आवाजात म्हणाले, "साधु, साधु, साधु." डोळे उघडले तर अम्मा पदर तोंडाशी धरून रडत होत्या.

"उच्चार इथले शिकून घे," हामुदुरुवो म्हणाले. "चाल बदलू नकोस. आम्हाला आवडली."

परतताना वाटेत तरुण पोरांनी आमची रिक्षा अडवली. मी घाबरले, पण ती दानसलवाली मंडळी होती, रस्त्यावर सगळ्यांना फुकट जेवू घालणारी. एकाकडे भात, पुढच्याकडे उकडलेला साबुकंद, त्याच्या पुढच्याकडे आइस्क्रीम. खाल्ल्याशिवाय रिक्षा सोडायलाच तयार नाहीत! घरी पोहोचेपर्यंत आम्हाला उठवत नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी फुलं तोडताना अम्मा माझे उच्चार घासून घेऊ लागल्या. परीक्षेत बाईंनी दोन ठिकाणी टोकलं आणि पास केलं. ज्या मुली हसल्या होत्या त्यांनीच मला चहाला नेलं आणि नागपूरची चाल शिकवायला लावली.

वर्ष संपलं. नागपूरला उतरले तेव्हा बाबा अख्खी ऑटो भरून नातलग घेऊन आले होते. लोक विचारतात, काय आणलंस तिकडून? पदवी दाखवते, चहाची पाकिटं देते. खरं तर गेले होते एक जुनी भाषा शिकायला, आणि येताना आणखी एक घर मिळालं. ते कसं दाखवायचं, अजून कळलेलं नाही.

परवा अम्मांचा व्हिडिओ कॉल आला. आईनं फोन माझ्या हातातून घेतला. आई वऱ्हाडीत बोलत होती, अम्मा सिंहलीत. कैरीचं लोणचं, गुडघेदुखी, माझं लग्न, सगळे विषय झाले. मी मध्येच भाषांतर करायला गेले, तर आईनं हातानंच मला थांबवलं.

"तू चहा ठेव ना वं," ती म्हणाली. "आम्ही बोलून राहिलो."