पाच अंशाच्या टाकीत

टाकीच्या तापमानाच्या काट्यावर पाच अंश दिसले आणि मी माझ्या डायव्हरला, इराप्पाला म्हटलं, "सूट चढवू नकोस अजून."

आयटी पार्कच्या तळघरात ही टाकी होती. रात्री चिलर पाणी गार करतात, दिवसा तेच पाणी इमारतींच्या एसीत फिरतं. आत कुठेतरी पाणी अडत होतं. टाकी रिकामी न करता डायव्हर उतरवून बघायचं, एवढंच काम. मला सांगितलं होतं, पाणी बारा अंश असेल.

माझं चामराजपेटला रेग्युलेटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरची दाबलेली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र. एक भाग सिलिंडरवर, दुसरा तोंडात. हवा एकदम पसरली की गार होते. डिओचा फवारा जरा जास्त वेळ दाबला की डबा गार लागतो, तसंच. पाणी आधीच गार असेल, तर सिलिंडरवरच्या भागात शिरलेल्या पाण्याचं बर्फ होतं आणि झडप उघडीच अडकते. हवा थांबत नाही. भरलेलं सिलिंडर काही मिनिटांत रिकामं.

म्हणून थंड पाण्यासाठी सील केलेला रेग्युलेटर लागतो, आत पाणी न शिरणारा. माझ्याकडच्या दोन्हींचे रबरी पडदे फाटलेले. नवे यायचे होते.

"बेंगळूरला बर्फ?" फॅसिलिटी मॅनेजर सानिका मॅडम म्हणाल्या. पुण्याच्या होत्या. माझं मराठी ऐकून आधी खूश झाल्या होत्या. आता नव्हत्या.

"चिलर बंद ठेवा. पाणी दहाच्या वर जाऊ द्या, मग उतरतो."

"काका, सर्व्हर रूम याच पाण्यावर आहे. वरून मला फोन येतायत."

"मग पडदे येईपर्यंत तीन दिवस द्या."

त्यांनी साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला. तेच हिंदीत पुन्हा ऐकलं. त्या आठवड्यातलं हे माझं चौथं भांडण होतं. मी म्हटलं, "दहा मिनिटं. इराप्पा फक्त बघून येईल."

सिलिंडरला दोन वेगळे व्हॉल्व्ह आणि त्यावर दोन वेगळे रेग्युलेटर लावले. एक गेला तर दुसरा. पण दोन्ही बिनसीलचेच. इराप्पाला बजावलं, "सावकाश श्वास घे. जोर लावू नकोस."

"सरी, अण्णा," त्याने कन्नडमध्ये होकार दिला.

तो नवव्या मिनिटाला वर आला. पाणी बाहेर जायच्या जाळीवर प्लास्टिकचा कागद चिकटला होता.

"मग ओढून काढा की," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम."

इराप्पाने माझ्याकडे पाहिलं. निपाणीकडचा पोरगा, बारा वर्षं माझ्यासोबत. मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली. तो पुन्हा उतरला.

कागद ओढायचा म्हणजे जोर लावायचा. जोर लावला की धाप लागते, रेग्युलेटरमधून हवा जास्त जाते आणि तो जास्त गार होतो. हे मीच शिकवतो.

झाकणाखालचं पाणी एकदम उकळल्यासारखं झालं. बुडबुडेच बुडबुडे. त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या, माझ्या हातातल्या दोरीला चार झटके बसले. चार म्हणजे वर ओढ.

मी ओढायला लागलो. दोरी जड लागत होती. वर छत, बाहेर यायला एकच भोक. मॅडम विचारत होत्या, "काय झालं? काय झालं काका?" मी ओढत राहिलो. मग बुडबुडे कमी झाले. त्याने पहिला व्हॉल्व्ह बंद करून दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतला असावा. किंवा हवाच संपली असावी. वरून दोन्ही सारखंच दिसतं.

त्याचं डोकं वर आलं. ओठ पांढरे पडलेले. शिडीवर हात टिकेनात, म्हणून मी पट्ट्याला धरून ओढला. पहिल्या रेग्युलेटरवर बर्फाचा पांढरा थर होता. मॅडमनी बोट लावून पाहिलं आणि बोट मागे घेतलं.

"अण्णा," इराप्पा दात वाजवत म्हणाला, "कागद निम्माच निघाला."

"राहू दे."

मग मॅडमनीच कुणाला तरी सांगून चहा मागवला.

चार दिवसांनी पडदे आले. सील केलेले दोन सेट घेऊन आम्ही गेलो आणि काम वीस मिनिटांत झालं. पहिल्या दिवसाबद्दल मॅडमच्या मेलमध्ये 'तांत्रिक कारणाने विलंब' असं होतं. मीही काही कळवलं नाही.

थंड पाण्यात रेग्युलेटर गोठू नये म्हणून काय करायचं, असं नवे डायव्हर विचारतात. सील केलेला वापरा. सिलिंडरमध्ये कोरडी हवा भरा. दोन स्वतंत्र रेग्युलेटर ठेवा. खाली मेहनत करू नका. त्या सकाळीही मला हे सगळं पाठ होतं.