रिकाम्या जात्याचा आवाज

भूत, करणी, भानामती... यांतल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. अमावास्येला बाहेर जाऊ नको म्हटलं की मी मुद्दाम जाणार, असा स्वभाव. पण एका रात्रीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर. पुढे सोपा, मग माजघर, त्याला लागून माझी अभ्यासाची खोली. आमचे हे जयसिंगपूरला शाळामास्तर, शनिवारीच यायचे. एरवी घरात मी, माझी तान्ही लेक आणि सासरे, म्हणजे मामंजी. मी एम.ए. करत होते. लेकुरवाळी बाई कॉलेजात जाते म्हणून गल्लीत कुजबुज व्हायची... कुजबुज कसली, आमच्या गल्लीत सगळं मोठ्यानंच बोलतात!

मला शिकू दिलं ते सासूबाईंनी. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती.

"दळाण मी बघतो. तू वाच," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया 'बघते' म्हणत नाहीत, 'बघतो'च म्हणतात.

पहाटे त्या माजघरात जात्यावर बसायच्या आणि रात्री उशिरापर्यंत वाचून दमलेली मी त्या घरघरीत गाढ झोपायची. सुनेनं दळायचं आणि सासूनं झोपायचं, ही रीत त्यांनी अशी उलटी करून टाकली. एका बाबतीत मात्र कडक. जात्यात दाणे नसताना मी एकदा गमतीनं ते फिरवलं, तर केवढ्यानं ओरडल्या — "अगं ए! रिकामं जातं फिरवू नगं, घरात दळिद्र येतंय!"

नातीचं बारसं बघून पावसाळ्यात त्या गेल्या. जातं बंद पडलं. त्याचा खुंटा काढून देवळीत ठेवला, जात्यावर पोतं टाकलं. दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊ लागलं.

त्या वर्षी पौषात थंडी फार होती. कॉलेजात सरांनी 'बदलत्या परंपरा' यावर निबंध सांगितला होता. लेकीला खोकला, म्हणून तिला खोलीत माझ्याजवळच निजवलं, दार-खिडकी घट्ट लावली, कोळशाची शेगडी आत घेतली आणि कंदिलाजवळ लिहायला बसले. गिरणी आली, जातं आता लग्नाची हळद दळण्यापुरतं उरलं, वगैरे. लिहिता लिहिता आत्याबाईंची फार आठवण येत होती. परंपरा बदलतात म्हणे... पण आमच्या घरात ती बदलली होती कुणी, गिरणीनं की त्यांनी? हे निबंधात कुठे घालावं ते सुचेना. डोकं जड झालं. अभ्यासाचा शीण असेल असं वाटलं आणि मी पुस्तकावर मान टाकली.

मग तो आवाज आला. खर्र... खर्र... दळण दळताना जात्याचा आवाज मऊ, भरलेला येतो. हा कोरडा होता, दगडावर दगड, दात शिवशिवावेत असा. रिकामं जातं! मला भीती वाटलीच नाही — संताप आला. एवढं बजावून गेल्या त्या, आणि कोण फिरवतंय?

उठले तर पाय उभे राहीनात. रांगत जाऊन कडी काढली आणि उंबऱ्यावरच कोसळले. गार वारा तोंडावर आला. आवाज थांबला. तेव्हा कुठे मी वळून लेकीकडे बघितलं. ती हलत नव्हती.

"मामंजी!"

ते धावत आले, तिला उचलून मागच्या उघड्या परड्यात नेलं. "शेगडी पेटवून दार लावलंस व्हय गं?" एवढंच बोलले आणि तिची पाठ, तळवे चोळत राहिले. बऱ्याच वेळानं ती किंचित कण्हली, मग भोकाड पसरलं. "रड माझी बाय, रड! अजून रड!" म्हणत मामंजी स्वतःच रडत होते.

माजघरात जाऊन बघितलं. जात्यावर पोतं तसंच, खुंटा देवळीत. मामंजींना काही ऐकू आलं नव्हतं. कोळशाच्या विषारी वायूनं भास होत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी भिंतीपलीकडच्या तानूबाई तरातरा आल्या. "काय गं मास्तरीणबाई, रातच्याला रिकामं जातं कोण फिरवत हुतं तुमच्यात? सासू गेली की रीत बी गेली व्हय?"



मला भास झाला असेल, पण तानूबाईंना? मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता सापडेल असं वाटत नाही. मात्र एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. त्या रात्री जात्यात दाणे असते तर मी उठलेच नसते. भरल्या जात्याच्या आवाजात मी कशी झोपते, हे घरात एकाच माणसाला माहीत होतं. जन्मभर पाळलेला नेम मोडल्याशिवाय त्यांना मला उठवता आलं नसतं.

लेक आता स्वतः आजी झाली आहे. घरात दळिद्र काही आलं नाही, आत्याबाई.