नवमीचा पाना

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला आयुष्यात कधी वाटले नाही, आणि ऐंशीच्या घरात आल्यावर ते एकाएकी वाटू लागले आहे असेही नाही. मुलांच्या निबंधांतील चुका तांबड्या शाईने सुधारण्यात ज्याची नोकरी सरली, त्याने स्वतःचा निबंध लोकांपुढे ठेवावा हे धार्ष्ट्यच होय. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषयही मोठा नाही. मोटारीच्या चाकाचे तीन स्टड, एवढाच.

निजामाची अमदानी होती आणि तिकडे जर्मनीशी लढाई चालू होती. आदिलाबादेत आमचे घर. वडील वकील होते. ते वारले तेव्हा मागे एक जुनी मोटार राहिली. ती भाड्याने चालवून थोरला भाऊ, आमचा दादा, घर सांभाळीत असे. मी हैदराबादेहून शिकून परतलो होतो आणि गावातल्याच शाळेत मास्तर झालो होतो. आई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. आश्विन लागला तेव्हा डॉक्टरांनी दादाला अंगणात नेऊन सांगितले, की आता दिवस मोजायचे. आईला एकच ध्यास होता, ताईला पाहण्याचा. ताई म्हणजे आमची मधली बहीण. नेरडीगोंड्याच्या पुढे एका खेड्यात दिलेली. तिच्या सासरचा रिवाज कडक होता. सख्खा भाऊ मुळाला, म्हणजे न्यायला, आल्याखेरीज सुनेने उंबरा ओलांडायचा नाही. आणि भावाची मोटार तर अंगणात विटांवर उभी.

तिच्या डाव्या मागच्या चाकाचे पाचांपैकी तीन स्टड गेले होते. स्टड म्हणजे ब्रेकच्या ड्रममध्ये पक्के रुतवलेले बोल्ट. त्यांच्यावर चाक चढते आणि बाहेरून नट कसतात. नवे स्टड एका ट्रकवाल्याने नागपुराहून आणून दिले, ते अष्टमीच्या सकाळी. मोठ्या कारखान्यात ते यंत्राने दाबून बसवतात. आमच्यापाशी अंगण होते, हातोडा होता आणि शेजारचे चाचा होते. चाचांनी उभी हयात सरकारी साहेबांच्या मोटारी हाकल्या होत्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे ते बाजेवर बसून तोंडाने काम करीत.

जुने स्टड ठोकून काढल्यावर दादाने नवाही हातोड्यानेच बसवायला घेतला. दोन घाव पडले नाहीत तोच चाचा म्हणाले, "ओ वकील के बेटे, भैंस का खुंटा गाड रहे क्या? ठोको नक्को. खींचो."

ओढायचा कसा, तेही त्यांनीच सांगितले. स्टडच्या मानेवर बारीक दाते असतात. तो ड्रमच्या पाठीमागून भोकात घालायचा, पुढून वायसरांची चळत चढवायची, तेल सोडायचे आणि नट कसत जायचे; मग दाते लोखंडात रुतत रुतत स्टड हळूहळू आत ओढला जातो. मी दोन्ही पायांत ड्रम घट्ट धरून बसलो होतो. दादा थकला की पाना माझ्या हाती येई. तासाभरात तळवे सोलवटले.

"मास्तर, खडू नाही तो," दादा म्हणाला. "जोर लाव."

"लावून राह्यलो ना."

आतून आईचा आवाज येई, "झालं का रे बाबू?"

"होऊन राह्यलं, आई. उद्या ताईले घेऊन येतो," दादा सांगे.

तिसरा स्टड मात्र अखेरपर्यंत पुरा बसला नाही. चाचांनी ड्रमच्या पाठीमागे बोट फिरवून पाहिले. "बाल बराबर बाकी है," ते म्हणाले. आणखी जोर लावला तर आटे जातील अशी भीती होती. "चलेगा. मगर नवा स्टड चलते चलते बैठता, और नट ढीला पडता. पाच कोस पे ठहरना, सब नट फिर कसना. आते वखत फिर. भूले तो चाक तुमसे पहले घर पहुंचेगा." आम्ही दोघेही हसलो.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. ज्यावर घराची भाकरी चालते ते हत्यार नवमीला देवापुढे ठेवायचे आणि दशमीपर्यंत उचलायचे नाही, हा आमच्या घरचा नेम. वडिलांच्या वेळी त्यांची दौत आणि टाक ठेवीत. त्या वर्षी आईने अंथरुणातूनच सांगून पाना, हातोडा आणि जॅक पाटावर मांडवून घेतले. उठता येत नव्हते म्हणून मी पाना तिच्या हाताशी नेला. तिने बोटाने त्यावर हळदीकुंकू लावले. मोटारीलाही झेंडूची माळ घातली; पण ताईला आणायचे होते, म्हणून तिला नेमातून सूट दिली.

निघताना मी दादाला हळूच चाचांच्या सांगण्याची आठवण करून दिली.

"आईनं ठेवलाय तो," दादा म्हणाला. "म्या नाही उचलत. तुले उचलायचा तर उचल."

मी देवघरात गेलो. माझा त्या नेमावर विश्वास नव्हता. चार बुकं शिकलेलो होतो. वाकलो, हात पुढे केला, लोखंडाचा गारवा बोटांना लागला. शेजारच्या खोलीतून आईने विचारले, "कोन हाय तिकडं?"

"मीच, आई. उदबत्ती लावून राह्यलो."

आणि मी खरोखरच उदबत्ती लावली, आणि रिकाम्या हाताने मोटारीत जाऊन बसलो. दादाने माझ्या हातांकडे पाहिले आणि मोटार सुरू केली.

वाटेत इचोड्याला थांबून आम्ही हातानेच नट चाचपले. दोन नट बोटांनी फिरत होते. रस्त्याकडेच्या लोहाराकडे पाना मागायला गेलो, तर त्याचीही सगळी हत्यारे फुलांखाली. "आज पाना मागता काऊन?" तो म्हणाला. "बामणाच्या घरी पंचांग नाही का?" हाताने जेवढे आवळता आले तेवढे आवळून आम्ही पुढे गेलो.

ताई अंगणातच उभी होती. तिच्या सासूने ओटी भरल्याशिवाय सोडायचे नाही म्हणून अर्धा तास थांबवले. परतताना ताई मागे बसून आईसाठी आणलेली ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी मांडीवर धरून होती. नेरडीगोंडा मागे पडले आणि थोड्याच वेळात मोटार डावीकडे डुलू लागली. दादाने थांबवेपर्यंत कडाड असा आवाज झाला. तिसरा स्टड मुळाशी तुटला होता, दुसऱ्याचे आटे उडाले होते आणि चाक तिरपे होऊन चिखलरक्षकाला टेकले होते.

सणाचा दिवस, रस्ता रिकामा. अखेर एका शेतकऱ्याने आम्हाला बैलगाडीत घेतले. त्याच्या बैलांना मात्र घाई नव्हती. इचोड्याला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. आदिलाबादेवरून नागपूरकडे जाणारा ट्रक मिळायला आणखी वेळ गेला.

घरासमोर माणसे उभी दिसली तेव्हाच कळले. दिवेलागणीला आई गेली होती. शेजारच्या चाची उशाशी बसून होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "दोपहर भर पूछ रहे थे, मोटार आई क्या."

ताईने आईच्या पायांवर डोके ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. दशमीला पाटावरची हत्यारे कुणी उचलली, हे मला आठवत नाही.

दादा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तो या विषयावर माझ्याशी कधी बोलला नाही, मीही नाही. ताई तिच्या मुलाकडे आदिलाबादेत असते. दर नवमीला मी तिला भेटायला जातो, आणि चहाचा कप हातात देताना ती दर वर्षी एकच वाक्य म्हणते, "म्या ओटीसाठी थांबली नसती, तर आई भेटली असती रे." मी मान खाली घालून चहा पितो. अर्ध्या तासाने काहीही बदलले नसते, चाक तुटायचे ते तुटलेच असते, आणि त्याचे कारण तिच्या ओटीत नव्हते, हे तिला सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे. पण ते सांगायचे म्हणजे दादाला आणि आईच्या त्या हळदीच्या बोटालाही मधे आणावे लागते, आणि मलाही. यंदा नवमी पंधरा दिवसांवर आली आहे. ताईची प्रकृती बरी नाही.

तिला सांगू का?