भगवंत यारीवाल्यांचा विंच

विकत आणलेली वस्तू जशीच्या तशी वापरणं हा पिंपळवंडीच्या भगवंतनानांना त्या वस्तूचा आणि स्वतःचाही अपमान वाटतो. घरात नवा मिक्सर आला, की आधी त्याचे चार स्क्रू नानांच्या मुठीत जातात, मग खोबरं भांड्यात. त्यांच्या सायकलीला मोटरसायकलचा आरसा आहे आणि मोटरसायकलला सायकलचं कॅरिअर. सुनेच्या शिलाई मशीनला एकदा त्यांनी पाण्याच्या इंजिनाचा पट्टा लावला. बाही सात सेकंदांत शिवून झाली. नंतर ती कुणाच्याच हातात गेली नाही, तो भाग वेगळा.

वय एकसष्ट. पण माणूस एका जागी सव्वा मिनिट टिकेल तर शपथ. पहाटे चारला डोळे उघडतात आणि हात शिवशिवायला लागतात. उसात बिबट्या आहे म्हणून त्यांची बायको कुशाबाई उजाडेपर्यंत दाराची कडी काढू देत नाहीत. बिबट्याची दया येऊन त्या असं करतात, असं शेजाऱ्यांचं मत आहे.

अशा माणसानं उमेदीची बावीस वर्षं एकाच पत्र्याच्या खुर्चीवर बसून काढली, हे सांगूनही खरं वाटत नाही. नानांची यारी होती. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम लोखंडी बादलीत भरून वर ओढते, ती यारी. तिचं इंजिन काठावर, त्याच्यापाशी नाना. खाली चाळीस-पन्नास फुटांवर माणसं, बादली, सुरुंगानं फुटलेला खडक, आणि यातलं काहीही नानांना दिसायचं नाही. दिसायचा फक्त बादलीचा वायररोप, आणि ऐकू यायचा खालून बादली भरणाऱ्या सावळेरामचा आवाज. त्या बावीस वर्षांत पंचक्रोशीत नानांच्या यारीखाली कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही. सावळेराम गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. नाना अजून कुणालाही सांगतात, "सावळ्या थांब म्हणला की मी थांबायचो. का थांबायचं, हे इचारायचं न्हाई."

पुढे मोठी खोदाई यंत्रं आली आणि यारी घरामागे गंजत पडली. रिकामे नाना घरात आठ दिवस राहिले, त्यात पंखा, कुकर आणि टीव्ही असे तीन बळी गेले. शेवटी कुशाबाईंनीच सुचवलं, की काहीतरी मोठं घ्या, घराबाहेर राहील असं. नानांनी होडी घेतली. फायबरची, सोळा फुटी, जुनी, निळी.

होडीला काम भरपूर निघालं. येडगावच्या धरणाच्या पाण्यात शेतकऱ्यांच्या मोटरी पिंपांवर तरंगतात. कुणाच्या पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला, फूटव्हॉलला, शेवाळ गुंडाळतं, कुणाचा दोर तुटून मोटर परक्याच्या शेतापुढे जाऊन उभी राहते, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की सगळ्या मोटरींना पाण्यामागे पळावं लागतं. की नानांना फोन. आज येडगाव, उद्या वडज, परवा डिंभे. त्यामुळे होडी जितकी पाण्यात असते, त्याहून जास्त रस्त्यावर असते, ट्रॅक्टरमागच्या गाड्यावर. गाडा नारायणगावात एका जुन्या जीपच्या ॲक्सलवर वेल्डिंग करून घेतलेला. त्याच्या तोंडाशी हातानं दांडा फिरवून वायर गुंडाळायचा विंच. गाडा उताराला पाण्यात ढकलायचा, विंचचा आकडा होडीच्या नाकातल्या कडीत अडकवायचा, नानांनी छातीभर पाण्यात उभं राहून मागून होडी सरळ धरायची आणि कुशाबाईंनी दांडा फिरवायचा. अडीच क्विंटलचं ते धूड त्या माउलीनं सहा वर्षं ओढलं.

जानेवारीत त्या विंचचा खटका सुटला. दांडा उलटा गरगरला आणि कुशाबाईंच्या उजव्या खांद्यावर बसला. डॉक्टर म्हणाले, हा हात आता फार तर कानापर्यंत जाईल, ओढाओढ बंद.

मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत असतो. तो रविवारी आला, आईचा खांदा पाहिला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "नाना, होडी विकायची."

"इकायची? आन घेणार कोन?"

"पेठचे दादाभाऊ. हायवेला त्यांचं मिसळीचं हॉटेल हाय. दारात ठेवणार. गिऱ्हाईक होडीत बसून मिसळ खाणार, फोटो काढणार."

नाना म्हणाले, "होडीत मिसळ? मग इहिरीत काय, भजी तळत्यात का रं?"

त्या आठवड्यात नाना घरामागे गेले आणि गंजलेल्या यारीचा विंच उचकटून होडीच्या गाड्यावर बसवला. दोन टन दगड ओढणारा विंच तो. पुढे डिझेल इंजिन. येडगावच्या काठावर पहिली चाचणी झाली, तेव्हा होडी पाण्यातून अशी उठली की जणू तिला कुणी शिवी दिली. गाडा ओलांडून ती थेट ट्रॅक्टरवर आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर नाक टेकून बसली. नशीब, सीटवर कुणी नव्हतं. काठावरचा एक मोटरवाला म्हणाला, "नाना, आता तिला लायसन काढा."

मग सून तेजस्विनीनं मोबाइलवरून विजेवर चालणारा विंच मागवला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा, हातात धरायला छोटा रिमोट, त्यावर दोनच बटणं: एक ओढायचं, एक सोडायचं. खोकं उघडताना तिनं सासऱ्यांपुढे वॉरंटीचं कार्ड धरलं. "नाना, एक जरी स्क्रू काढला तर वॉरंटी गेली. वाचा."

नानांनी वाचलं, आणि चार रात्री त्यांना झोप नाही. विंच दमदार होता, पण गोगलगायीच्या चालीनं ओढायचा. आतलं एक दातेरी चाक बदललं तर... पण वॉरंटी. एवढी बंद पेटी घरात आणि आपण बाहेर, हा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. मग त्यांनी विंच सोडून बाकी सगळ्याला हात घातला. होडी घासत चढू नये म्हणून लोखंडी सळ्यांवर पीव्हीसी पाइपचे तुकडे चढवून सहा रोलर केले. विंचचा खांब चार बोटं उंचावला, म्हणजे ओढ नाकाच्या रेषेत येईल. दोन्ही बाजूंना उभे पाइप लावले, होडीला वाट चुकू नये म्हणून. पुढे टेकायला ट्रकच्या टायरचं रबर ठोकलं. हे सगळं करताना ते इतके बोलत होते, की कुशाबाई दोनदा उठून शेजारी जाऊन बसल्या.

सुदर्शनचा विश्वास मात्र मशिनवर होता, बापावर नव्हता. त्यानं अट घातली. पुढच्या रविवारी तुम्ही दोघांनीच होडी गाड्यावर चढवायची. तिसऱ्याचा हात लागला, तर होडी पेठला. संधी दोन.

"दोन कशाला? येकच बास," नाना म्हणाले.

"दोन घ्या," आतून कुशाबाई म्हणाल्या. संसार त्यांनी केला होता.

रविवारी सकाळी येडगावच्या काठावर सुदर्शन होताच, दादाभाऊ तर टेम्पो घेऊनच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोजायची टेप. पाण्यात तरंगणाऱ्या होडीची ते काठावरून नजरेनं मापं घेत होते.

"नाना, चार टेबलं बसत्यात बघा आरामात. मधी एक झाड ठेवू कुंडीतलं."

"पावणं," नाना पाण्यात उतरत म्हणाले, "तुमी त्या कुंडीत बसा."

कुशाबाई ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसल्या, रिमोट डाव्या हातात. नाना होडीच्या मागे, पाणी छातीला. आकडा कडीत अडकला. वायर ताठ झाली, आणि नानांचं तोंड सुटलं.

"घे! घे! अगं हळू... हळू म्हंजी थांबू नको! त्या बॅटरीकडं बघ. डावीकडं जातीय, डावीकडं... तुझी न्हाई, माझी डावी! घे! वायर बघ, वायर चढतीय का एकावर एक? सोड जरा. सोड म्हणलं म्हंजी तसं न्हाई! घे, घे, बसंल, बसंल, अजून थोडं..."

होडी तिरपी चढत होती. तिचं बूड डाव्या पाइपवर आलं, तरी "बसंल, बसंल" चालूच. पाइप वाकला, वायर कण्हली, होडी एका अंगावर कलली. कुशाबाईंनी आपल्या अकलेनं बटण सोडलं आणि उलटं दाबलं. होडी सरकन मागे आली आणि नानांना घेऊनच पाण्यात गेली. थोडा वेळ पाण्यावर नुसती टोपी होती. मग टोपीखाली नाना आले, खोकत, आणि खोकता खोकता बोलतच.

"एक झाली," दादाभाऊंनी काठावरून सांगितलं. न विचारता सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

नानांनी ओल्या डोळ्यांनी होडीकडे पाहिलं. हायवेच्या धुळीत, कोरड्यात, पोटात चार टेबलं, कडेला कुंडी. नाकातल्या कडीला लिंबू-मिरची टांगतील. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचेल आणि हॉटेलातली पोरं ते तांब्यानं उपसतील. होडीतलं पाणी तांब्यानं! आणि आपण घरी. पहाटे चार वाजता, कडी लावलेल्या दाराआड, हात शिवशिवत. पुढे काय, तर मिक्सर.

कुशाबाई खाली उतरून पाण्याच्या कडेला आल्या.

"अवं, इहिरीत सावळेरामभाऊ किती बोलायचे?"

"त्याचं काय आता?"

"सांगा की."

"तीन शब्द. घे, सोड, थांब."

"आन चवथा?"

"चवथा बोलला तर वरच्यानं ऐकायचं काय? मानूस मरंल की खाली."

"मग आज इहिरीत कोन हाय?"

नानांनी खाली पाहिलं. छातीभर पाणी. वर पाहिलं. उतारावर गाडा, ट्रॅक्टर, आणि पत्र्याची ती बसायची जागा, जिथून मागची होडी धड दिसतही नव्हती. बावीस वर्षं ते वर बसले होते. होडी घेतल्यापासून ते खालच्या जागी उभे होते, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला वरून तुमचं कायबी दिसत न्हाई," कुशाबाई म्हणाल्या. "मी बटन दाबते ती तुमच्या तोंडाकडं कान देऊन. तोंडातनं एका दमात धा गोष्टी आल्या तर मी कुठली करू? आन लई मोठं म्हंजी, थांब तुमी म्हणलाच न्हाई. होडी पडाय लागली तरी बसंल बसंल. आता तीन शब्द. चवथा ऐकला की मी ह्यो रिमोट हितं ठेवून घरी जानार. ज्वारी निवडायची राहिलीय."

त्या जाऊन बसल्या. सुदर्शननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं नुसतं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

नानांनी वाकलेला पाइप पाण्यातूनच खांद्यानं रेटून जरा सरळ केला, आकडा पुन्हा अडकवला, मागे जाऊन उभे राहिले.

"घे."

विंच कुरकुरत चालू झाला. आणि नानांच्या पोटात वाक्यांची गर्दी झाली. बॅटरीकडे बघ, हे एक घशापर्यंत आलं, ते त्यांनी गिळलं. रोलर नंबर दोन थोडा अडतोय, हे दुसरं. दादाभाऊ, ती टेप खिशात घाला, हे तिसरं, आणि ते गिळायला सगळ्यात जड गेलं. विंच इतका हळू, की मधे तर एखाद्या विहिरीला पाणी कसं लागलं ती गोष्ट सबंध सांगून झाली असती. नानांच्या मानेची शीर फुगली. पण तोंड बंद.

अर्ध्यावर होडीचं नाक पुन्हा डावीकडे झुकायला लागलं. थोडंच. बसंल, आतून आवाज आला. आयुष्यभर हाच आवाज आला होता. मिक्सर उघडताना, पट्टा चढवताना, यारीचा विंच बसवताना: अजून थोडं, बसंल.

"थांब," नाना म्हणाले.

विंच थांबला. लगेच, त्याच श्वासाला. का, असं वरून कुणी विचारलं नाही. अडीच क्विंटलची होडी हवेत आणि पाण्यात अर्धी अर्धी लटकून गप्प उभी राहिली. आपल्या एका शब्दावर एवढं सगळं थांबतं, हे नानांना नवंच होतं. खाली उभं राहून सावळ्याला रोज असंच वाटत असेल का? विचारायचं राहूनच गेलं.

"सोड."

वीतभर सुटली. नानांनी कंबर लावून मागचं बूड उजवीकडे ढकललं.

"घे."

पहिला रोलर फिरला. दुसरा अडला आणि फिरला. तिसरा, चौथा. निळं बूड पाणी गाळत, सरळ, दोन पाइपांच्या मधून वर गेलं. टायरच्या रबरापासून बोटभर अंतर राहिलं, मग नखभर. नाक रबराला टेकलं. आणखी जरा ओढलं तर घट्ट बसेल, असं नानांना अगदी आतून वाटलं, वाटलं आणि हातसुद्धा उठला.

"थांब."

काठावर कडक आवाज करून दादाभाऊंची टेप डबीत परत गेली.

"काय राव," ते सुदर्शनला म्हणाले, "डिझेल जाळून आलो." आणि नानांना म्हणाले, "एखादी फुटकी होडी असली कुठं तर सांगा."

नाना काहीच बोलले नाहीत. छातीभर पाण्यातच उभे.

"नाना, या की वर," सुदर्शननं हाक मारली.

नाना मान हलवून कुशाबाईंकडे बोट दाखवू लागले. तेव्हा लोकांना उमगलं, की त्यांना अजून चौथा शब्द बोलायची परवानगी मिळालेली नाही.

"बोला आता," कुशाबाई म्हणाल्या.

आणि मग जे सुरू झालं, ते घरी जेवण होईपर्यंत चाललं.

सोमवारी सकाळी वडजहून फोन आला. कुणाची तरी मोटर दोर तोडून पाण्याच्या मधोमध गेली होती. ट्रॅक्टर निघाला, मागे गाड्यावर होडी, पत्र्यावर कुशाबाई. रिमोट त्यांच्या पिशवीत, पिशवी मांडीखाली. हायवेला लागेपर्यंत नाना बरे होते. नारायणगाव दिसायला लागलं तसे ते चुळबुळायला लागले. दोनदा मागे वळून पाहिलं.

"कुशे, त्यो दुसरा रोलर अडतोय गं. आन खांब अजून दोन बोटं वर घेतला ना, आन त्या विंचचा नुसता एकच स्क्रू..."

"थांब," कुशाबाई म्हणाल्या.

नाना थांबले. का, ते विचारलं नाही. थेट वारूळवाडीच्या वळणापर्यंत ते गप्प होते, आणि त्यांच्या माहितीतल्या कुणालाही विचारा, नानांसाठी हे अंतर थोडं नाही.