धुतलेली लंगोटी

संशोधनासाठी मी कळंबला तान्ही बाळं तपासत होतो. मेंदू खुरटवणारा आनुवंशिक दोष असला, तर रसायनाच्या थेंबाने मुताने ओली लंगोटी हिरवी होते. एका आजीने तान्ह्या नातवाची लंगोटी धुऊन, घडी घालून दिली.

"आजी, मुतलेलीच हवी."

"घाण कशी द्यायची, सायेब? पाव्हणे तुमी!" म्हणत तिने दुसरी आणली. "याचा थोरला भाऊ बोलत नाय, चालत नाय. ह्यो तरी बरा हाय ना?"

थेंब पडला. लंगोटी हिरवी झाली. मी खरं ते सांगितलं.

"मंग औषध द्या."

औषध नव्हतं. लागणारा वेगळा आहार इथे मिळत नव्हता. आम्ही फक्त नोंदी करत होतो.

तिने लंगोटी माझ्याकडून घेतली आणि दगडावर घासू लागली. डाग निघेना. मी तांब्याने पाणी ओतत राहिलो.